रिकामी फिरणारी मोटार

अप्पांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं की ते आधी लेथच्या मोटारीवर तळहात ठेवायचे, जरा थांबायचे आणि मग "बरं हाय" म्हणायचे. बरं कोणाचं, त्यांचं की मोटारीचं, हे सहा वर्षं शेजारी राहूनही मला उमगलं नाही. तसं अप्पांच्या बाबतीत मला बरंच काही उमगलं नाही. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर, ते लेथवर लोखंड कातणारे सातवी नापास टर्नर.

नौबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या शेडमध्ये त्यांचा लेथ होता. मालकाला जागा हवी झाली, तेव्हा लेथ घरामागच्या पत्र्याखाली आला. पण तो थ्री फेजवर, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालणारा आणि घरात वीज सिंगल फेज, दोनच तारांची. हैदराबादला नोकरी करणारा मुलगा म्हणाला, "अप्पा, पुरं झालं आता. मशीन विकू, तुमी माझ्याकडं चला."

अप्पा म्हणाले, "गणपतीच्या आधी ये. तवर चालली न्हाई तर विक, मीबी येतो."

मग त्यांनी भंगारातून एक जुनी मोटार आणली. ती पुढच्या पडवीत बसवली, कंडेन्सर जोडले, दोन्ही मोटारींची आतली जोडणी बदलली. या नव्या पाहुणीला ना पट्टा, ना काही काम. सुरू करायची रीत तर भोवऱ्याची! शाफ्टला दोरी गुंडाळायची, खस्सकन ओढायची आणि वेग आला की बटण दाबायचं. मग ती आपली एकटीच फिरत राहायची आणि मागे लेथ चालायचा.

"अप्पा, दोन तारा आत जातात, तीन बाहेर येतात. तिसरी आली कुठून?"

"ही फिरायलीय न्हवं, हीच तयार करायलीय तिसरी. तुमी तर पोरांना शिकवायलाव की सर!"

मी मान हलवली. त्यांनी तीनदा समजावलं, मी तीनदा मान हलवली. पुस्तकातली मोटार मला तोंडपाठ होती, पडवीतल्या मोटारीपुढे मात्र डोकं चालेना. पण मास्तराच्या तोंडून "कळलं नाही" निघत नाही.

ठरल्याप्रमाणे गणपतीच्या आधीच्या रविवारी मुलगा आला. अप्पांनी लेथवर चांगली जाड सळई लावली, मुलाला शेजारी उभं केलं आणि कातायला सुरुवात केली. मी खुर्ची आणायला पुढे पडवीत आलो. ती मोटार फिरत होती. वर्गातून निघताना पंखा बंद करणारा मी. वाटलं, गडबडीत अप्पा विसरले, बिचारी उगाच वीज खातेय. मी बटण बंद केलं.

मागून घुर्र असा आवाज आला, पाठोपाठ जळका वास. धावत गेलो तर लेथच्या मोटारीतून धूर निघत होता. "बगा अप्पा, न्हाई झेपत हे," मुलगा म्हणाला. अप्पांनी पडवीकडे कान दिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाई झेपत."

मंगळवारी बारावीच्या वर्गात फळ्यावर तीन फेजची आकृती काढताना माझा खडू थांबला. पडवीतली मोटार बंद करून लेथची तिसरी तार मीच मारली होती! तास अर्धवट सोडून घरी पळालो. लेथ टेम्पोत चढला होता, अप्पांची पेटी दारात होती.

"अप्पा, ती मोटार मी बंद केली होती."

"म्हायती हाय."

"मग मुलाला का नाही सांगितलं? मोटारीचं जळालेलं वाइंडिंग परत भरता आलं असतं, लेथ राहिला असता, तुम्ही राहिला असता!"

"पोरगं तापट हाय सर. चार मान्सांत तुमाला बोललं असतं. मी तर जायलो, तुमाला हितंच ऱ्हायचंय."

मी टेम्पोला आडवा झालो. म्हटलं, मी सांगतो त्याला सगळं. अप्पांनी माझा दंड धरला आणि पोराला मोठ्यानं हाक मारली, "चल रे, सरांना कॉलेजला उशीर व्हायलाय."

दोन वर्षं झाली. मुलाला अजून काही ठाऊक नाही. मला फार शरम वाटते आणि अप्पांचा रागही येतो. एवढं का केलं माझ्यासाठी, हे काही केल्या कळत नाही, आणि फोनवर विचारावं तर ते आधी माझ्याच तब्येतीची चौकशी करतात.