तिसऱ्या गाण्याची गादी

बँड चालवला की गाणी कमी आणि किस्से जास्त साचतात. आमच्या 'खापर' बँडची पाच वर्षांत अकरा गाणी झाली. किस्से सांगायला बसलो तर जालन्याहून निघून बदनापूर मागे पडेल, तरी संपायचे नाहीत.

आम्ही ब्लॅक मेटल वाजवतो. म्हणजे ड्रम पळत सुटलेले, गिटार करवतीसारखी, आणि गाणारा गातोय की कुणावर तरी उखडलाय तेच कळू नये. आम्ही तिघं. गिटार माझी, आणि पोटापाण्याला नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीचं ऑफिस. ड्रमवर आसिफ, त्याचा घरचा धंदा गाद्या भरायचा. गळा बापूचा. यंदा 'आड' नावाचा नवा अल्बम पुरा करायचाच, असं आम्ही ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, घरी सांगून टाकलं होतं. त्यामुळे माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

*

बापू मोसंबीच्या मार्केटात लिलाव पुकारतो. एकदा प्रॅक्टिस इतकी झाली की सकाळी त्याचा साधा आवाज फुटेना, फक्त गाण्यातला खर्जातला गुरगुराट निघे. सुट्टी मिळणार नव्हती. मग त्याने त्याच आवाजात बोली पुकारली.

व्यापारी एरवी एकेका ढिगापुढे घोळ घालतात. त्या दिवशी सगळा माल चहाच्या आत उठला. आडत्याने बापूला बाजूला घेतलं. बापूला वाटलं, नोकरी गेली.

आडत्या म्हणाला, "आता रोज असंच बोलत जा."

*

रेकॉर्डिंगला जागा दिली एका जिनिंगवाल्या शेटजींनी. त्यांचं कापसाचं गोडाऊन सीझन नसला की रिकामंच असतं. अट एकच घातली, कापसाची पहिली गाडी आली की त्याच दिवशी सामान उचलायचं. म्हणजे आमच्याकडे दसऱ्यापर्यंतचे रविवार होते.

रिकाम्या गोडाऊनमध्ये आवाज असा घुमायचा की ड्रमवर एक काठी मारली तर चार ऐकू यायच्या. त्यावर आसिफने उपाय काढला. दुकानातल्या गाद्या आणून भिंतींना उभ्या केल्या. घुमणं बंद झालं आणि आम्ही सुटलो. दोन गाणी दोन रविवारांत!

तिसरं गाणं निम्मं झालं होतं, तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. बापू डोळे मिटून किंचाळत होता. त्याचं होईपर्यंत ते थांबले, मग आसिफला म्हणाले, "पोरीचं लग्न परवाय. रुखवतातली गादी हितं कशाला आल्ती?"

आसिफने घरी विचारलंच नव्हतं. भिंतीच्या गाद्यांमधली सगळ्यात जाड गादी गेली, आणि गाण्याचा उरलेला अर्धा भाग आम्ही तसाच वाजवला.

*

भांडण त्याच्यावरूनच झालं. बापूचं म्हणणं, तिसरं गाणं पोकळ वाजतंय, पुन्हा करू. मी म्हणालो, अजून पाच बाकी आहेत, कापूस फुटायला लागलाय, कुणाला कळणार आहे? मी गिटारवाला, शिवाय रविवारांचा हिशोब माझ्याकडे, म्हणून माझं चाललं. बापू आठवडाभर बोलला नाही. लिलावात घसा वापरला जातो म्हणून, असं तो सांगायचा.

मला राग आला होता. खरं सांगायचं तर, तो बरोबर आहे हे माहीत होतं म्हणून जास्त आला होता.

*

आठही गाणी झाली तेव्हा कव्हरच्या फोटोला वडीगोद्रीकडे गेलो. ब्लॅक मेटलवाले तोंडाला पांढरा रंग आणि डोळ्यांभोवती काळं फासतात, आमच्यात तशी रीतच आहे. आमची पांढरी पावडर, आणि काजळ आसिफच्या बहिणीचं. उन्हात अर्ध्या तासात सगळं गळ्यापर्यंत ओघळलं.

एका मक्याच्या बांधावर उभे होतो. शेताचे मालक कोंडिबामामा आले, तिघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आवाज बी काढता का?"

बापूने काढून दाखवला. झाडावरचे बगळे उठले.

मामा खूश झाले. रानडुकरं मका उपटून राह्यलीत, भोंग्यावर वाघाचा आवाज लावला तर त्याला ती आता सरावलीत, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं. आम्ही पेनड्राइव्हमध्ये अख्खा 'आड' भरून दिला. अल्बमचे ते पहिले श्रोते.

*

चार दिवसांनी, रविवारी सकाळी, आम्ही तिघं बसलो असताना मामांचा फोन आला. मी स्पीकर चालू केला.

"सामान एक नंबर हाय," मामा म्हणाले. "डुकरं बिलकुल येत न्हाईत. फक्त ते तिसरं लागलं की येतेत. चौथं लागलं की मंग पळतेत."

बापूने मोटरसायकलची किल्ली उचलली.

गोडाऊनवर पोहोचलो तर कापसाची पहिली गाडी उतरून झाली होती. शेटजी अटीवर ठाम होते. मी आयुष्यात कुणाला केली नव्हती तेवढी विनवणी केली, एका गाण्यापुरती. ते म्हणाले, दुसरी गाडी वजनकाट्यावर आहे, ती आत येईपर्यंत काय ते करा.

एका भिंतीला छतापर्यंत कापूस होता. त्याच्यापुढे आसिफने ड्रम मांडले. बापू एकदाच गायला. मला माझी लाज वाटली आणि आनंदही झाला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा शेवटचा ठोका पडून गेला होता.

त्याच संध्याकाळी नवं तिसरं गाणं मामांना नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन.

"तिसरं आता बराबर झालं. डुकरू फिरकलं न्हाई. पण आमचं कुत्रं बी गेलंय. तिघं बी या अन् हुडकून द्या."