भावोजींचा पालथा हात

उन्हाशी थेट भांडण असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. भावोजी कुणाच्याही घरी गेले की आधी बसणं नाही, पाणी नाही. पालथा हात भिंतीला, खांबाला, पितळी तांब्याला लावत हिंडायचे. तळहात कामानं निबर होतो, तो खोटं सांगतो, पालथा हात खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात नवरदेवाच्या काळ्या कोटाला त्यांनी असाच हात लावला आणि याला सावलीत घ्या, अक्षता पडेपर्यंत शिजेल, असं सांगून वऱ्हाडाला घाबरवलं. जांभ्या दगडाची भिंत म्हणजे मनात धरणारा माणूस, दिवसभर गप्प राहून रात्री सगळं बाहेर काढतो. पत्रा म्हणजे आमचा थोरला भाऊ, लगेच तापतो, लगेच निवतो, असं ते त्या भावाच्या तोंडावर सांगत.

अशा जाणत्या माणसानं एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास स्वतःच्याच मागच्या खोलीवर पत्रे चढवले, कारण माकडं कौलं फोडत. माकडं हरली, पण खोलीची भट्टी झाली. पुढं ताईनं छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं तेही न्हाणीघराजवळच्या त्याच खोलीत. वैशाखात इथे मी उरायची नाही, मुंबईला लेकाकडे जाते, असं म्हणून तिनं मला, तिच्याकडेच राहणाऱ्या धाकट्या भावाला, एशियाड गाडीचं तिकीट काढायला लावलं. भावोजी नुसते खोलीसमोरच्या खळ्यात, अंगणात येरझारा घालू लागले. एकदा गेलेली ताई परत यायची नाही, ही भीती त्यांच्या पायांत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी खळ्यात पाण्याच्या वाट्यांची रांग लागली. प्रत्येक वाटीवर वेगळ्या रंगाचं फडकं, आणि भावोजी उकिडवे बसून बोट बुडवत पुढे सरकताहेत. काळ्या फडक्याखालचं पाणी सगळ्यांत कढत, पांढऱ्याखालचं सगळ्यांत निवांत. ते काळं फडकं आपल्या चंद्रकळा साडीचं आहे हे ताईला खिडकीतून दिसलं.

"अहो, पाणी राहू दे, मी तापल्ये," ती म्हणाली.

पण भावोजी तोवर चुन्याची बादली घेऊन शिडीवर होते. पत्रे पांढरेशुभ्र झाले. ओल्या चुन्यावर माकडांनी संध्याकाळी हजेरी लावली आणि सकाळी शेजाऱ्यांच्या विहिरीच्या काठावर, आमच्या तुळशीवर, भावोजींच्या उघडून ठेवलेल्या काळ्या छत्रीवर पांढरी पावलं उमटलेली. ती छत्री पाहून ताई हसली. दुखणं आल्यापासून पहिल्यांदाच.

खोली गार झाली होती, पण भावोजींना चैन कुठलं! दुपारभर खळ्यातून विचारणा चालू.

"तापलं काय गो?"

"नाही हो."

तरी आत येऊन पालथा हात भिंतीला लावायचेच. वैतागून ताईनंच मला तिकीट परत करायला सांगितलं. मी गेले तर हे भिंतींशी बोलत बसतील, म्हणाली.

पावसात चुना धुऊन जाई आणि दर चैत्रात भावोजी पुन्हा शिडी लावत. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. या चैत्रात शिडीवर मी चढलो. पुस्तकांपलीकडे माझ्या हातांना काही ठाऊक नाही. पत्र्यापेक्षा धोतरावरच चुना जास्त पडला. दुपारी ताईजवळ पुस्तक उघडून बसलो, पण पान उलटेना, सारखा उठून दारात जात होतो. खळ्यात नुसतं ऊन होतं. वळून पाहिलं तर ताईनं हात उचलून पालथा भिंतीला लावला होता. थोडा वेळ तिनं तो तसाच ठेवला, आणि मग दाराकडे बघत हळूच म्हणाली,

"नाही हो."