तानबाची चार चाकं

काळ्या मातीच्या चिखलाशी ज्याची गाठ पडली नाही, त्यानं गाडी चालवायच्या गप्पा हाणू नयेत, असं तानबाचं मत होतं आणि कुणी विचारो न विचारो, तो ते सांगायचा. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, श्रावणात तिचा साबण होतो. ट्रॅक्टर फसतात, आणि शहाणी माणसं घरी बसतात. तानबाचे मालक प्रभाकरराव शहाणे होते, पण घरी बसणारे नव्हते. सिंदी रेल्वेत कापसाचा व्यापार, केळझरच्या आत शेती, आणि पीक डोळ्यानं पाहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यासाठी ब्याण्णव साली त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणली आणि तिच्यावर तानबाला बसवलं.

सडकेवर त्या जीपची मागची दोन चाकं ओढायची, पुढची नुसती सोबत फिरायची. डांबर संपून शेताकडची कच्ची वाट, पांदण, लागली की तानबा खाली उतरायचा. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक लोखंडी टोपी होती, ती हातानं फिरवून कुलूप लावायचा, बॉनेटला हात लावून कपाळाला लावायचा, मग वर बसून छोटी दांडी ओढायचा. झालं, आता चारही चाकं ओढणार. पांदणीतली पोरं हसायची, म्हणायची, हा गाडीची पूजा करून राह्यला. हसोत बापडी. चिखलात शिरायच्या आधी तयारी करायची, फसल्यावर नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. परत डांबरावर आलं की मात्र दांडी आठवणीनं सोडायची, नाही तर वळणावर पुढची-मागची चाकं आपसात भांडतात आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं.

एकदा अशाच गाऱ्यातून, गुडघाभर चिखलातून, जीप सुखरूप बाहेर निघाली तेव्हा खूश होऊन प्रभाकरराव म्हणाले, "तानबा, मी थकलो का हे जीप तुलेच." बस. या एका वाक्यावर त्या भल्या माणसानं आपली उमेदीची वर्षं काढली. बुटीबोरीत कारखाने आले, सोबतीचे ड्रायव्हर तिकडे गेले, चांगलं कमवू लागले. तानबा हलला नाही. त्याच्या बायकोचं, सुंदराचं माहेर केळझरपासून आत, मालकाच्या शेताला जाणाऱ्या त्याच पांदणीच्या टोकाला. पावसाळाभर तिथं एकही गाडी जात नसे. जीप आपली झाली की त्या रस्त्यानं सवारी चालवायची, दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, हे त्याचं ठरलेलं. सासरच्या गावात त्यानं तसं सांगूनही टाकलं होतं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय.

पुढं मालकाचा मुलगा गजेंद्र यानं नवी कोरी गाडी आणली. तीही म्हणे चारही चाकांची. तानबानं आधी दांडी शोधली. दांडी नव्हती. शोरूमचा माणूस म्हणाला, हिची पुढची चाकं ओढतात. ती घसरली की मधला क्लच आपोआप मागच्या चाकांना जोर देतो. म्हणजे आधी घसरणार, मग समजणार, असं तानबा म्हणाला आणि गजेंद्रनं कपाळाला आठ्या घातल्या. पण खोटं कशाला बोला, नागपूर रोडवर भर पावसात ती गाडी अशी धरून चालायची की तानबा मनातल्या मनात तिला मानायला लागला. तशा डांबरावर जीपचा मागचा भाग हमखास सरकायचा.

आता प्रभाकररावांच्या घरची एक रीत होती. कोणतीच वस्तू एकदम पुरी घ्यायची नाही, कुणाला एकदम पुरी द्यायची नाही. अर्धी आता, अर्धी पुढं पाहू. छपराचे टिनही तसेच बदलले, नोकरांचे कपडेही तसेच. नव्या गाडीचे टायर झिजले तेव्हा मालक म्हणाले, "दोन आता टाक, दोन दिवाळीनंतर पाहू." तानबानं नवे दोन पुढं टाकले. शोरूमच्या माणसानं चारही सोबत बदला म्हटलं होतं, ते त्याला आठवलं, पण जीपला वर्षानुवर्षं असेच दोन-दोन टायर टाकले होते आणि तिला काही झालं नव्हतं. कसं होईल? सडकेवर तिची पुढची चाकं सुटीच असायची. या गाडीत तसं नव्हतं. पुढचे टायर जाड, मागचे झिजलेले, म्हणून फिरण्यात फरक पडायचा. गाडीला वाटायचं चाक घसरतंय, आणि मधला क्लच कोरड्या सडकेवरही घासत राहायचा. नागपूरहून येताना जळका वास यायचा. तानबाला वाटलं, ब्रेकचा असेल.

श्रावणात गजेंद्रला पाहायला अमरावतीचे सोयरे आले. गजेंद्रनं त्यांना शेत दाखवायला नव्या गाडीतूनच नेलं, चालवायला तानबा. जीपच्या त्या डबड्यात पाव्हणे बसवू का, म्हणाला. पांदणीच्या पहिल्याच उतारावर पुढची चाकं गरगर फिरली आणि मागची जागची हलली नाहीत. जळालेला क्लच काय जोर देणार? सोयऱ्यांच्या बाया चपला हातात घेऊन चिखलात उतरल्या. तानबा मिळेल त्या वाहनानं सिंदीला गेला, जीप घेऊन आला, डांबराच्या कडेला टोप्या फिरवल्या आणि साखळी लावून नवी गाडी ओढून काढली. सोयरीक मात्र गेली. त्यांनी पुन्हा निरोपच धाडला नाही.

मिस्त्री आला. मालकाच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात गाडीखालून निघाला आणि म्हणाला, दोन नवे अन् दोन झिजलेले टायर ठेवून कोण्या शहाण्यानं हा क्लच जाळला? गजेंद्रनं बापाकडं पाहिलं. तानबानंही पाहिलं. खरं बोलायला मालकाला एक वाक्य पुरलं असतं.

"तानबानं बसवले," प्रभाकरराव म्हणाले.

ते खरंच होतं की. बसवले त्यानंच होते. सांगितलं कुणी, हे बोलायला रागानं तानबाची जीभ वळवळली. पण छपराखाली उभी जीप त्याला दिसत होती. आता तोंड उघडलं तर ती गेली. त्यानं खाली मान घातली. गजेंद्रनं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं, सगळ्यांसमोर नको ते बोलला, आणि प्रभाकरराव चष्मा पुसत राहिले.

पोळ्याच्या दिवशी दुपारी जीप तानबाच्या दारात आली. मालकाला लाज वाटली असावी. निरोप होता, सांगतलं होतं तसं दिलं. तानबाचा सगळा राग पाण्यासारखा वाहून गेला. गावानं बैल पूजले, त्यानं जीप पूजली, बॉनेटवर हळदीकुंकू लावलं. सुंदरा म्हणाली, खालून-वरून पाहून तर घ्या. तानबा हसून म्हणाला, धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं करू नोको.

दुसऱ्या दिवशी केळझरहून पहिली सवारी भरली. सगळी सुंदराच्या माहेरची माणसं, सोबत सुंदराही. एक म्हातारा कौतुकानं पुढं बसला होता. डांबर संपलं. तानबा उतरला, टोप्या फिरवल्या, बॉनेटला हात लावून कपाळाला लावला, दांडी ओढली. त्याच उतारावर मागची चाकं फिरली, फिरत राहिली, आणि बसली. पुढची जागची हलली नाहीत.

तो गाऱ्यात उताणा पडून जीपखाली सरकला. गिअरबॉक्समधून पुढच्या चाकांना जोर नेणारा लांब शाफ्ट जागेवर नव्हता. बोल्टांची भोकं तेवढी होती, ग्रीस अजून ओलं. नवी गाडी ओढली तेव्हा शाफ्ट होता. म्हणजे दारात यायच्या आधी कुणीतरी काढून ठेवला होता. कुणी, हे विचारायची गरज नव्हती. त्या घरची रीत त्याला ठाऊक होती.

चिखलानं माखून तो बाहेर आला. माणसं खाली उतरली होती, म्हाताऱ्याला दोघांनी धरलं होतं. सगळे गावाच्या दिशेनं पायी निघाले. सुंदरा मागं थांबली.

"टायर मालकानं टाकाले लावले, हे त्या दिवशी तुमी सांगतलं काऊन नाई?"

तानबानं जीपकडं पाहिलं.

"या जीपसाठी," तो म्हणाला.