आईला हवं होतं ते

बाबांच्या बँकेतल्या बदलीनं आम्हाला कोलकात्यात आणलं आणि ते निवृत्त झाल्यावरही आम्ही बागबाजारच्या घरातच राहिलो. तिथेच आईला कॅन्सर झाला आणि तिचा डावा स्तन काढावा लागला.

उपचार संपून केस परत आले, तेव्हा एका तपासणीत डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "काकीमा, पोटाची त्वचा आणि चरबी घेऊन नवा स्तन करता येतो. विचार करा." परतताना टॅक्सीत आई सगळा रस्ता बोलत होती. कितीतरी महिन्यांनी.

जेवताना तिनं बाबांना सांगितलं. आजारपणात याच बाबांनी तिला न्हाऊमाखू घातलं होतं. पण ते म्हणाले, "पुन्हा ऑपरेशन? अगं, वाचलीस हेच पुष्कळ. मला काही फरक पडत नाही."

"मला पडतो," आई म्हणाली.

पुण्याहून मावशीचा फोन आला, आईनं तो स्पीकरवर ठेवला. "ताई, साठी आली तुझी! आता कुणाला दाखवायचंय?" ती हसली. आईही हसली, ओशाळून. लग्न जमत नाही म्हणून याच मावशीनं लेकीचं नाक ऑपरेशन करून सरळ करून घेतलं होतं आणि सगळ्यांना कौतुकानं फोटो पाठवले होते. मी ते बोलून दाखवलं.

"तिचं अख्खं आयुष्य पडलंय," मावशी म्हणाली.

"आई, आपण दोघीच जाऊ," मी कितीदा म्हटलं.

"नको. म्हातारीला नखरे सुचले म्हणतील."

मग तिनं स्वतःच कापसाची एक पिशवी शिवली आणि ती ब्लाउजच्या आत घालू लागली. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवताना ती पिशवी वर, पार गळ्यापाशी सरकली. शेजारच्या बाईंनी चटकन आईचा पदर ओढून नीट केला आणि कानात म्हणाल्या, "सांभाळा हं." कुणी हसलं नाही. तरी आई प्रसाद न घेता घरी आली. पुढच्या वर्षापासून गणपतीत तिचे पाय दुखू लागले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती बाथरूममध्ये अंधारात कपडे बदलत होती. बाबा बाहेरून म्हणाले, "दिवा लाव, पडशील."

"लावला की आरशात दिसतं," ती आतून म्हणाली.

संध्याकाळी बाबांनीच विषय काढला, "आपण त्या डॉक्टरांना भेटू या."

आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी नवे रिपोर्ट नीट पाहिले. आईची शुगर वाढली होती, हृदयाचं दुखणंही सुरू झालं होतं. "आता एवढं मोठं ऑपरेशन मी नाही करणार, काकीमा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

बाहेर टॅक्सीची वाट बघताना बाबांनी आईच्या हातातली रिपोर्टांची पिशवी घेतली. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा 'चल' म्हणाला असतात तर."

बाबांनी होकारार्थी मान हलवली. टॅक्सी आली. आई पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.