सुमनच्या नकाशावरच्या टिकल्या

या, अशा जवळ येऊन बसा. पेपर असा हातभर लांब धरून, मथळा वाचून पान उलटायची घाई कशाला करता? माझी धाकटी बहीण गेली आहे. तिच्यासाठी एक चहा थंड होईपर्यंत तरी बसाल की नाही?

निरोप आला तेव्हा मी तांदूळ पाखडत होते. शेजारच्या भाभींकडे फोन. पेणहून भावाचा आवाज, "ताई, सुमन गेली गो…" एवढंच. कावीळ झाली होती, पण बरी होतेय म्हणून तर ती माहेरी विश्रांतीला गेली होती. फोन ठेवला तेव्हा कळलं, सूप अजून हातातच होतं.

आम्ही पेणच्या खाडीकडच्या मिठागरातली माणसं. मी लग्न होऊन रोह्याला आले. पुढे सुमन पोलिसात लागली आणि बदली होऊन माझ्याकडेच राहायला आली. खाकी साडी मीच धुवायची, मीच कडक इस्त्री करायची. तिला टायपिंग येत होतं, म्हणून ठाण्यात कंप्युटर आला तेव्हा शिकायला तिलाच पाठवलं. कोणतं ठाणं ते विचारू नका, आमच्याच भागातलं. जुन्या तक्रारी सगळ्या त्यात भरायच्या, म्हणजे चोऱ्या कुठे जास्त होतात ते एका दमात कळेल आणि माणसं तिथे लावता येतील, असं साहेबांचं म्हणणं. चांगलंच होतं की ते! सुमन तर हरखून गेली होती. जेवताना हात धुवायचं विसरायची, पण बोटं ताटाच्या कडेवर टकटक चालायची.

त्या दिवसांत कोलाडकडच्या कालव्यावरून पाण्याचे पंप चोरीला जात होते. उन्हाळी भात उभं, आणि सकाळी बघावं तर पंप नाही. सुमनने सगळं भरलं, कंप्युटरने कागद काढून दिला. त्यात एकाच आदिवासी वाडीचं नाव पुन्हा पुन्हा. झालं! वाडीतले बाप्ये उचलून आणले. बाकीचे संध्याकाळी सोडले, हिरू नावाच्या एकाला मात्र ठेवून घेतलं, कारण तो सगळ्यांत पुढे होऊन बोलला.

दुसऱ्या दिवशी हिरूची बायको माझ्या दारात. आत ये म्हटलं तरी येईना. "बाय, तुमची बहीण पोलिसात हाय ना? तिला इचारा, राखण पण आम्हीच करायची नि चोर पण आम्हीच व्हय?"

सुमन आत भाकरी खात होती. तिचा घास हातातच राहिला. मला म्हणाली, "ताई, राखण… मेले गो मी!"

आता तुम्हाला सांगते काय झालं होतं ते. आमच्याकडे शेतकरी गावात राहतो आणि शेत असतं लांब. मग राखण देतात वाडीला, त्याबदल्यात भात. शेतं पसरलेली कुठल्या कुठे, पण कोणी विचारलं की सांगायचं, "आमचं शेत वाडीच्या राखणीतलं." सगळ्यांना कळतं, पत्ता पुरा होतो. तक्रारीतही तसंच लिहिलेलं. आणि सुमनने जागेच्या रकान्यात प्रत्येक वेळी वाडीचं नाव भरून टाकलं. जो राखणदार, त्याच्याच दारात सगळ्या चोऱ्या नेऊन ठेवल्या.

ती तशीच साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "सुमनबाई, कंप्युटर खोटं बोलतो काय?"

"नाय साहेब. मी सांगितलं तेच तो बोलतोय. मीच चुकीचं सांगितलं."

साहेब वाईट नव्हते हो. पण हिरूला सोडायचं तर हातात काहीतरी हवं, म्हणाले. तिकडे शेतकरीही राखण काढून घ्यायच्या गोष्टी बोलू लागलेले. राखण गेली की वाडीचं वर्षाचं भात गेलं.

मग माझी बहीण इरेला पेटली. तलाठ्याकडून नकाशा आणला, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकला. ड्युटी संपली की चप्पल हातात घेऊन बांधावरून निघायची. एकदा मीही गेले होते. एक म्हातारे काका कमरेवर हात ठेवून हसले, "काय गो सुमे, पोलीस होऊन चिखल तुडवतेस? जीप कुठाय?"

"जीपला तुमचा बांध दिसत नाय काका. पंप होता ती जागा दाखवा. राखण कोणाची ते सांगू नका."

घरी येऊन त्या जागेवर टिकली लावायची. माझं पाकीट संपवलं, भाभींचं संपवलं. मी रागवायची, "कपाळाला काय लावू आता?" तर म्हणायची, "तू अशीच बरी दिसतेस."

हळूहळू टिकल्या भरल्या, आणि मला, चौथी शिकलेल्या बाईलाही दिसलं. वाडीभोवती जेमतेम एखादी. बाकीच्या कालव्याच्या कच्च्या रस्त्याने ओळीने हायवेकडे चाललेल्या, जणू कोणी गाडीतून सांडत गेलं आहे.

साहेबांनी घरी येऊन, चहा घेत, बराच वेळ नकाशा बघितला. रस्त्याच्या तोंडाशी माणसं त्यांनीच लावली. एका पहाटे पेंढ्याचा टेम्पो अडवला, खाली पंप! माणसं पार दुसरीकडची. हिरू घरी आला, राखण वाडीकडेच राहिली. साहेबांनी हुकूम काढला, जागा पाहिल्याशिवाय कंप्युटरात भरायची नाही. सुमनने पुन्हा बसून आधीचं सगळं दुरुस्त केलं. शिक्षा कोणी दिली नव्हती, तिची तिनेच घेतली. म्हणायची, "यंत्र अजून मोठी येतील ताई, येऊ देत. पण त्यात भरणाऱ्याचे पाय चिखलात जायलाच हवेत."

तिच्या दिवसकार्याला हिरू आणि त्याची बायको माझ्या घरी आली होती. नव्या भाताचे तांदूळ घेऊन. दोघं नकाशापुढे उभी राहिली.

भिंतीला रंग काढायचाय, नकाशा उतरवू का, म्हणून मुलगा विचारतो. नाही उतरवायचा. फोडणीच्या वाफेने टिकल्या सुटतात, मी रोज सकाळी ओट्याखालून गोळा करते, भात शिजायला ठेवला की आधी त्या चिकटवते. पण आता डिंक उरला नाही त्यांना, आणि मला कमी दिसतं. तुम्ही या ना लवकर, तुमचे डोळे चांगले आहेत. येताना एक पाकीट आणा टिकल्यांचं. बारक्या आणा हं… मोठ्या टिकलीखाली दोन शेतं झाकतात, असं सुमन म्हणायची.