जर्मन मॅडमचं गाठोडं

राठोड मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीला रजिस्ट्री ऑफिसच्या व्हरांड्यात बसले होते. शेजारी धाकटा भाऊ गजानन, त्याच्या मांडीवर कागद. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाच्या नावे सोडते आहे, असं त्या कागदांत लिहिलेलं. याला आमच्याकडे हक्कसोड म्हणतात आणि बहिणीने ती करायची असते, हे कुणी सांगावंही लागत नाही. आमच्या पुढे दोनच नंबर राहिले होते. फोनवर मॅडमच्या शेजारीणबाई रडत होत्या, सकाळी चहा ठेवता ठेवता कोसळल्या म्हणाल्या... मी उठले. गजानन म्हणाला, "आक्का, सही करून जाय ना. पाच मिनटाचं काम हाय." मला त्याचा राग आला नाही, पण थांबवेनाही. मी तशीच वसमतच्या गाडीत बसले.

मॅडम वसमतच्या कॉलेजात आम्हाला इतिहास शिकवायच्या. तांड्यावरून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी, लग्न न केलेली, दोन खोल्यांत एकटी राहणारी. एवढं कमी होतं म्हणून की काय, त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन सरदार घराण्यांतल्या बायकांचा! त्यासाठी सुट्ट्यांत हैदराबादला जाऊन जर्मन शिकल्या. पोरं पाठीमागे 'जर्मन मॅडम' म्हणायची, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा मोंढ्यात हळद विकत घेताना एका ओळखीच्या व्यापाऱ्याने विचारलं, "मॅडम, तिकडच्या राण्यांचं काहून करून राहिल्या एवढं? आपल्या बायका काय कमी हायेत का?" मॅडम हळकुंड मोडून बघत म्हणाल्या, "आपल्या बायकांचं विचारलं की घरंच्या घरं भांडायला उठतेत, शेठ. ह्या मरून गेल्या. ह्यांच्यापायी कुणी अंगावर येत न्हाई."

मला आधी वाटायचं, किल्ल्यात राहणाऱ्या त्या बायकांना कसली आलीय तकलीफ. रेशमी झगे, दासी, घोडागाड्या. मॅडमनी हळूहळू दाखवलं. लग्न ठरलं की त्या लेकीपुढे एक कागद यायचा. हुंडा मिळाला, आता बापाच्या इस्टेटीवर माझा काही हक्क नाही, असं शपथेवर लिहून द्यायचं. घराण्यात पुरुषच उरला नाही तर तेवढ्यापुरती तिच्या हक्काची पुन्हा आठवण. लग्न झालं नाही तर पुष्कळजणी मठात. आणि मग उरलेला जन्म भावाला गोड गोड पत्रं लिहायची, मुलाबाळांची ख्यालीखुशाली विचारायची, आणि शेवटी हळूच, हुंड्याचे ठरलेले पैसे अजून आले नाहीत, एवढं लिहायचं. "आणि कागदात काय लिहिलेलं असतंय माहिताय?" मॅडम चष्मा काढून म्हणायच्या, "स्वखुशीनं. कुणाचा दबाव न्हाई. तिथं बी तेच, हितं बी तेच."

त्यांची माझी शेवटची भेट फोन येण्याच्या पंधरा दिवस आधीची. हक्कसोडीची तारीख ठरली होती. मी भीत भीत सांगितलं. वाटलं, आता बोलणी बसणार. त्या उठल्या. कपाटातून गाठोडं काढलं. जन्मभर जमवलेल्या झेरॉक्स, टिपणं, अर्धवट राहिलेला प्रबंध, सगळं त्या एका जुन्या हिरव्या साडीत बांधून ठेवायच्या. ते आम्ही विद्यार्थिनींनी शंभरदा पाहिलेलं. पण साडीचं कधी विचारलं नव्हतं.

"ही साडी दादानं घेतलेली," त्या म्हणाल्या. "सही केली त्या दिवशी. एम.ए.ला होते मी."

"तुम्ही? मॅडम, तुम्ही सही केली?"

"व्हय. सही न्हाई केली तर माहेर तुटंल, असं वाटलं. दिवाळीला कुणी बोलावणार न्हाई... दार उघडंच ठेवलं त्यांनी, खोटं काहून बोलू? पण त्यानंतर मी कधी गेले की चटई टाकायचे बसायला. पाव्हणीला टाकतेत तशी." गाठ पुन्हा बांधताना त्यांचे हात थांबले. "ही साडी मी एकदा बी नेसले न्हाई. प्रबंधात सगळ्या बायकांचं लिहिलं बघ, माझं तेवढं राहिलं. म्हणून तो पुरा होत न्हाई. तू तुझं बघ पोरी. कर न्हाईतर नको करू, पण भिऊन करू नको."

मी तरीही भिऊनच कळमनुरीला गेले होते, हे आज कबूल करते. मला लाज वाटते.

मॅडमना तांड्यावर नेलं. शेवटचं सगळं शेताच्या कडेला झालं, त्यांनी सोडून दिलेल्या त्याच शेताच्या. त्यांचे दादा लहान मुलासारखे रडले, आणि ते रडणं खरं होतं. आठ दिवसांनी त्यांनीच ते गाठोडं मला आणून दिलं. "आमाला यातलं काय कळतंय? बाई सांगून गेली व्हती, तुला दे म्हणून." साडीवरून त्यांनी हात फिरवला. ओळखली की नाही, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

गेल्या आठवड्यात गजाननचा फोन आला. "आक्का, सोमवारी येतीस का? नंबर लावतो."

माझ्या टेबलावर गाठोडं होतं. मी म्हणाले, "भाऊबीजेला येईन, गजू. सहीला येणार नाही."

 तो अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "पण मी साडी घेऊन ठेवली ना गं तुला."

मला रडू आलं. तो वाईट नाही, कधीच नव्हता. मी गाठोड्याच्या गाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. सहीची साडी माझ्याकडे आहे एक."