मामांची चार कासवं

एखादी वस्तू हरवण्यासाठी महिना महिना तयारी करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. तुमच्या-माझ्या वस्तू आपल्या आपण हरवतात. मामा त्या हरवायला इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, परत आल्यावर चपला काढता काढता "आज काय झकास हरवलंय!" म्हणायचे आणि चहा मागायचे.

मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथे त्यांचं व्हर्नियर असे, म्हणजे केसाएवढाही फरक दाखवणारी ती जबडेवाली स्टीलची पट्टी. या व्हर्नियरने ते दिसेल ते मोजत. मामींच्या पोळ्या मोजत आणि "ही पाव मिलिमीटर जास्त झाली" असं सांगत. मामी तीच पोळी त्यांच्या पानात वाढत. आमचं लग्न ठरायच्या वेळी बाकीचे वडीलधारे माझं शिक्षण, नोकरी, पत्रिका वगैरे विचारत असताना मामांनी शेजारी बसून माझा उजवा अंगठा व्हर्नियरच्या जबड्यात धरला, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि जाहीर केलं, "बावीस पॉइंट चार. चालेल!" त्या आकड्याचा आणि माझ्या स्वभावाचा काय संबंध, हे मी पुढे कितीदा तरी विचारलं. "अनुभवाने कळतं, जावईबापू," एवढंच उत्तर मिळे.

तर अशा माणसाला फिरत्या नाण्यांचा नाद लागला. मामा पितळेची नाणी पाडत, जुन्या रुपयाहून थोडी मोठी. एका बाजूला मामींनी रांगोळीच्या ठिपक्यांतून काढून दिलेला प्राणी, दुसऱ्या बाजूला नंबर आणि 'ठेवू नका, पुढे सोडा' अशी अक्षरं. ठाणे, कल्याण, डोंबिवली मिळून वीसेक वेड्यांची मंडळी त्यांनी जमवली होती. एकाने नाणं कुठेतरी लपवायचं, बाकीच्यांना पोस्टकार्डावर खुणा कळवायच्या. ज्याला सापडेल त्याने मामांना कार्ड टाकायचं आणि नाणं आणखी कुठेतरी सोडायचं. मामांच्या वर्तकनगरच्या दोन खोल्यांत कॅलेंडरच्या जागी जिल्ह्याचा नकाशा होता. कार्ड आलं की मामा त्यावर टाचणी टोचत आणि लाल दोरा पुढे ओढत. एका वर्षी माजिवड्याला इतक्या टाचण्या झाल्या, की तिथला कागदच गळून पडला आणि मामांनी त्याला मागून चिकटपट्टीचं ठिगळ लावलं.

जावई म्हणून मलाही सुटका नव्हती. डोंबिवलीत एका शाळेच्या फाटकाजवळच्या बाकाखाली मी पालथा पडून हात घालत असताना वॉचमनने मला कॉलर धरून उठवलं.

"काय शोधतोयस रे?"

"ससा," मी खरं तेच सांगितलं.

"बाकाखाली ससा?"

"पितळेचा आहे."

पुढचा पाऊण तास मी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून होतो. मामांना निरोप गेला, मामा आले, त्यांनी मुख्याध्यापकांना सगळं समजावलं, टेबलावरचा पेपरवेट मोजून दाखवला आणि आम्ही निघालो तेव्हा मुख्याध्यापक मंडळाचे सभासद झाले होते. ससाही त्यांनाच सापडला, मला नाही.

खरा पेच पडला तो कासवावरून. कासव हे मामांचं सगळ्यात पहिलं नाणं. मामींच्या माहेराहून आलेला पितळी तांब्या गळायला लागला, तेव्हा त्याच्या बुडाचं पितळ कापून मामांनी ते पाडलं होतं. मामींचं माहेर कल्याणचं. आईवडील गेले, घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली, आणि त्या घरातलं म्हणून मामींकडे एवढंच राहिलं. त्यामुळे कासव कधी बाहेर पडलं नव्हतं. पण मंडळाचा हट्ट होता, की पहिलं नाणं एकदा तरी फिरायला हवं. शिवाय काळ वाईट चालला होता. मोर जिथे लपवला होता, तिथल्या रंगकामात गायब झाला होता. हत्ती कळव्यातल्या एका आजोबांना देवळाच्या कट्ट्यावर सापडला, त्यांनी तो गणपती समजून देव्हाऱ्यात ठेवला, आणि रोज दुर्वा वाहिलेला हत्ती परत मागायला कोणाची जीभ रेटेना.

मग एका रविवारी मामांच्या घरी सभा भरली. विषय एकच, अस्सल सोडायचं की नक्कल. कल्याणचे गणिताचे मास्तर म्हणाले, "नक्कल सोडा. हरवली तरी शून्य नुकसान." डोंबिवलीचे निवृत्त पोस्टमास्तर ताडकन उठले. "उभी हयात मी लोकांची खरी पत्रं पोचवली. मूळ पत्र घरी ठेवून नक्कल पेटीत टाकणारा एक इसम मला दाखवा!" मास्तरांनी फळा मागितला. पोस्टमास्तरांनी चहा नाकारला, हे त्यांच्याकडून फारच झालं. तेवढ्यात दारात मासे घेऊन कोळीवाड्यातली हिराबाई आली. तीही मंडळात होती, तिची कार्डं तिची मुलगी लिहायची. पाटी खाली ठेवत ती म्हणाली, "दादा, खोटा सोरशील त खोटाच परत येल. मंग तुला आनंद कसला व्हयाचा?" यावर सगळ्यांनी पापलेटचा भाव विचारला.

शेवटी मामांनी नक्कल करायची ठरवली. एक नाही, तीन. दोन महिने राबून त्यांनी अशी कासवं पाडली, की मूळ कासवाच्या मागच्या पायाजवळचा पोचासुद्धा तिन्हीत उतरला. काठावर ओळखीची बारीक खूण मारायची होती, पण खुणेने तोल बिघडेल म्हणून तीही मारली नाही. सध्या अस्सल कासव काळपट होतं आणि नकला चकचकीत होत्या, तेवढ्यावर त्यांचं भागत होतं. मामांनी चारही मोठ्या कौतुकाने ताटलीत मांडून ठेवली आणि कामावर गेले.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. मामींनी घरातलं सगळं पितळ चिंच लावून घासायला काढलं. समई घासली, पळी-पंचपात्र घासलं, आणि ताटलीतली चार कासवंही घासून ओळीने उन्हात मांडली.

मामा संध्याकाळी आले आणि त्या चार लखलखीत कासवांपुढे चपला न काढताच बसले. मग व्हर्नियर निघालं. घेर मोजले, जाड्या मोजल्या, टूलरूममधून तराजू आणून वजनं केली. चारही एकसारखी. "माझं काम फार चांगलं झालंय, जावईबापू," ते रडवेले होऊन म्हणाले, "घोटाळा तोच आहे!" आता मंडळाला शब्द दिलेला, खुणेची कार्डं टाकून झालेली, आणि हातून नेमकं मामींचं माहेर गेलं तर? मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. पोळ्यासुद्धा न मोजता खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी मामींनीच स्वयंपाकघरात जाऊन एक कासव आणून त्यांच्या हातावर ठेवलं. "अहो, हे घ्या. हे खोटं आहे. सोडा खुशाल."

"कशावरून?"

"घासणारीला कळतं."

मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कासव हरवून आले.

ते कासव भन्नाट फिरलं. एवढी वर्षं ना हरवलं, ना कोणाच्या देव्हाऱ्यात बसलं. कार्ड आलं की मामी हात पुसून बाहेर येत आणि टाचणी स्वतः टोचत. एकदा मामा कामावर असताना मी गेलो, तर मामी नकाशापुढे उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मामांना सांगू नका हं. खरं तेच आहे." कशावरून, हे मी विचारलंच. "ओट्यावर टाकून बघितलं ना चारही. तांब्याचं पितळ जुनं, जरा घुमतं. लहानपणापासून ऐकलाय तो आवाज." मग दोऱ्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले ती या दोन खोल्यांत. माहेरचं काहीतरी फिरून येऊ दे की जरा."

पुढे मामी गेल्या. मामा निवृत्त झाले होते, मंडळातलीही बरीच माणसं कमी झाली होती, कार्डं क्वचित येत. आणि अशात, इतकी वर्षं काहीही न सापडलेल्या मला कासव सापडलं, माजिवड्याला एका टायरवाल्याच्या फळीमागे. मी तिथल्याच फरशीवर ते टाकलं. घुमलं. ते गुपचूप, बाकीची तीन कासवं होती त्या मामांच्या डबीत ठेवावं आणि एक नक्कल फिरती करावी, असं फार वाटलं. आठवडाभर ते माझ्या खिशात होतं. मग मी कल्याणला गेलो, मामींचं घर होतं तिथल्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे ते सोडलं आणि मामांना कार्ड टाकलं.

रविवारी गेलो तेव्हा कार्ड त्यांच्या हातातच होतं. टाचणी टोचून झाली होती. डबीतली तीन कासवं समोर मांडलेली होती.

"या दिवाळीला मीच घासली," मामा म्हणाले. "हातातून पडली फरशीवर. तिन्हींचा आवाज अगदी एक. जुनं पितळ असतं तर एक वेगळं वाजलं असतं. म्हणजे खरं बाहेर आहे. हिने मला फसवलं."

मामा नकाशावरच्या त्या टाचणीकडे बघत होते.

"पोचलं माहेरी," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून व्हर्नियर काढलं, माझा उजवा अंगठा जबड्यात धरला आणि आकडा वाचायला लागले. डोळे भरून आल्यामुळे त्यांना तो दिसेना, म्हणून मीच वाचून सांगितला. बावीस पॉइंट चार.